न वाजवलेला ठोका

शिक्षकाने विद्यार्थ्याला वर्गाबाहेर काढलेलं मी पुष्कळदा पाहिलंय. विद्यार्थ्याला बाहेर काढून त्याच्या आईला आत बोलावणारा शिक्षक मात्र मला एकच भेटला.

जुरोंग ईस्टला एका जुन्या शॉपिंग सेंटरच्या वरच्या मजल्यावर, गणिताची ट्यूशन आणि नखं रंगवायचं दुकान यांच्या मधोमध, त्याचा ड्रम शिकवायचा स्टुडिओ होता. आमच्या चिरंजीवांना शाळेत कोणीतरी ड्रमचं खूळ भरवलं, म्हणून मी त्याला तिथे घातला आणि स्वतः बाहेर बाकावर बसून राहायचे. एका शनिवारी दार उघडलं. कडक इस्त्रीची हाफ पँट, गळ्यात नॅपकिन, त्या नॅपकिनलाही इस्त्री, असा सत्तरीला टेकलेला जपानी म्हातारा बाहेर आला आणि माझ्या हातांकडे बोट करून म्हणाला, "तू आत ये. हा बाहेर बसेल."

बघते तर माझी बोटं मांडीवरच्या पर्सवर चाललेली. कॉलेजात असताना पुण्यात मी पथकात ताशा वाजवायचे. लग्न झालं, सिंगापूरला आले, चांगी बिझनेस पार्कात एका बँकेच्या आयटीत चिकटले, आणि ताशा तिकडेच राहिला. पण बोटं कुठली ऐकायला! चिरंजीव तर खूशच झाले. "सो बोरिंग लाह, आई, यू गो," म्हणून त्याने बाकावर फतकल मारली. अशी मी चाळिशीत विद्यार्थिनी झाले.

मी त्यांना सर म्हटलं, तर म्हणाले, "सर शाळेत असतात." अंकल म्हटलं, तर म्हणाले, "अंकल टॅक्सी चालवतात." मग मी मास्तर म्हणायला लागले. तो शब्द त्यांना भलताच आवडला. त्यांच्या गावाकडे लहानशा कॉफीच्या दुकानाच्या मालकाला असंच काहीसं म्हणतात म्हणे. तेव्हापासून ते माझे मास्तर.

आता हसून सांगण्यासारखं त्यांच्याबद्दल पुष्कळ आहे आणि मी इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ते हसून सांगतेही. लोक पोट धरून हसतात. पण घरी आल्यावर माझ्या घशाखाली घास उतरत नाही, हेही खरं.

शिकवायची पद्धत ऐका. पहिले दोन महिने त्यांनी मला ड्रमला हात लावू दिला नाही. मला एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, स्टेशनपासून मॉलकडे जाणाऱ्या पुलावर घेऊन जायचे आणि चालायला लावायचे. एका ठरावीक लयीत, सावकाश. ऑफिस सुटल्याची गर्दी, सगळं जग धावतंय, आणि त्यात आम्ही दोघं लग्नाच्या वरातीत चालल्यासारखे. मागून ढकलाढकली. "आंटी, कॅन वॉक फास्टर ऑर नॉट?" असं कुणी म्हणालं की माझा पाय आपोआप उचलायचा, आणि मास्तर तिथेच थांबायचे. "गेली. लय गेली. परत स्टेशनपासून." मी वैतागून म्हटलं, "अहो, ती माणसं चिडतात!" तर म्हणाले, "ड्रमरला सगळेच ढकलतात. गिटारवाला ढकलतो, गाणारी ढकलते. तू ढकलली जाऊ नकोस."

त्यांचं आणखी एक म्हणणं होतं, "लवकर येणारासुद्धा उशिराच." आणि दुसरं, "ड्रमर म्हणजे घरातली आई. स्वयंपाक चांगला झाला तर कोणी बोलत नाही, मीठ कमी पडलं की सगळे वर बघतात." हे त्यांनी कुठून उचललं देव जाणे, कारण त्यांच्या घरात स्वयंपाक करणारं कुणीच उरलं नव्हतं. मी डब्यातून लिंबाचं लोणचं न्यायचे. ते नुसत्या भाताबरोबर, डोळे मिटून, फोड फोड पुरवून खायचे. खाताना बोललेलं चालायचं नाही.

आणि दाराशी एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा. आत येणाऱ्याने आपला फोन त्या डब्यात टाकायचा. रेकॉर्डिंग बंद म्हणजे बंद. एका पोराने चोरून फोन आत नेला, तर मास्तरांनी त्याला हात धरून लिफ्टपर्यंत पोचवला आणि वर वाकून नमस्कारही केला. मला तो निव्वळ विक्षिप्तपणा वाटायचा. कारण मला नंतर कळलं.

तरुणपणी मास्तर जपानमधल्या एका जॅझ फ्यूजन बँडमध्ये होते. जॅझही आणि विजेची गिटार, कीबोर्डही, असं ते संगीत त्या काळात तिकडे फार जोरात होतं. बँडची एक रेकॉर्ड खूप गाजली आणि त्यात मास्तरांचा एक सोलो होता. सगळे थांबतात आणि ड्रमर एकटाच वाजवतो, तो सोलो. कड्यावरून दगड घरंगळत यावेत असा तो वाजतो, मी नंतर इंटरनेटवर ऐकला. मनिलापासून मुंबईपर्यंत ड्रम शिकणाऱ्या पोरांनी तो पाठ केला होता. बस्स. त्या दिवसापासून मास्तरांचं बाकीचं वाजवणं लोकांनी ऐकायचंच सोडलं. बँड फुटला. मास्तर एका गायिकेच्या प्रेमात पडून सिंगापूरला आले, हॉटेलांच्या लाउंजमध्ये वाजवायला लागले. तिथेही दोन पेग झाले की कोणीतरी उठून यायचं, "तो वाजवा ना, रेकॉर्डवरचा." ते काहीतरी नवीन वाजवायचे. लोक तोंड वाकडं करून जायचे. मग गायिका ऑस्ट्रेलियाला निघून गेली, हॉटेलांनी बँड काढून एका पोरीला लॅपटॉप देऊन उभं केलं, आणि मास्तर जुरोंग ईस्टच्या त्या मजल्यावर येऊन पोचले. इथे येणारी पोरंही पहिल्या दिवशी तेच मागायची. जो मागेल तो बाहेर. कित्येक वर्षांत त्यांनी तो सोलो एकदाही वाजवला नव्हता. "तो एक मुलगा आहे," ते म्हणायचे, "रेकॉर्डमध्ये राहतो. त्याचं वय वाढत नाही. मी कुठेही गेलो की तो माझ्याआधी तिथे पोचलेला असतो."

त्यातच त्यांचा डावा हात गेला. गेला म्हणजे काय, तर कप धरता यायचा, नॅपकिनला इस्त्री करता यायची, शर्टाची बटणं लावता यायची. फक्त काठी हातात घेतली की शेवटची दोन बोटं आपोआप आत वळायची आणि काठी अडकायची. डॉक्टर म्हणाले, वाजवणाऱ्यांनाच होतं हे. मेंदूचा आणि बोटांचा काहीतरी घोळ होतो, आणि ह्या वयात सुटणं कठीण. मी विचारलं, "दुखतं का हो?" म्हणाले, "नाही ना. दुखलं असतं तर रागवायला काहीतरी मिळालं असतं."

मी त्या दिवशी एमआरटीत उभ्याउभ्या रडले. माझा कोण लागतो हा माणूस? पण रडले.

आणि तरीही त्या पठ्ठ्याने काय करावं? दीड हातासाठी एक नवीन सोलो बांधायला घेतला. मला समोर बसवायचे. पायाने हळू एक ठेका, उजव्या हाताने झांजेच्या कडेवर अगदी नाजूक काम, आणि डावा हात क्वचित, जिथे बोटं वळली तरी चालेल अशाच जागी. मोठा आवाज कुठेच नाही. ऐकताना आपण पुढे झुकत जायचो.

एकदा मी त्यांना तिहाई सांगितली. आपल्याकडे एकच तुकडा तीनदा वाजवतात आणि तिसऱ्याचा शेवटचा ठोका बरोबर समेवर पडतो, तेव्हा सगळ्या सभागृहाची मान एकदम हलते. वाजवणाऱ्यालाही तेच हवं असतं. मास्तरांनी ती मला दोनदा पर्सवर वाजवून दाखवायला लावली. पुढच्या शनिवारी त्यांनी सोलोच्या शेवटी तसाच तुकडा तीनदा वाजवला आणि तिसऱ्यांदा, समेच्या ऐन क्षणी, हात हवेत थांबवला. ठोका मारलाच नाही. आणि माझी मान हलली! अहो, नसलेल्या ठोक्यावर हलली. मास्तर टुणकन उठले, लहान पोरासारखे. "ऐकलास? तू ऐकलास ना तो?"

तेव्हापासून त्यांना एकच ध्यास लागला. भरल्या सभागृहात, हजार माणसांना, न मारलेला ठोका ऐकू येतो का, ते बघायचं. एकदाच. मग काठ्या खाली ठेवल्या तरी चालेल, म्हणाले. मी म्हटलं, "आपल्या मंडळात वाजवा." त्यावर हसले. "तुमची माणसं चिवडा खातात."

आणि खरंच फोन आला! जुन्या बँडचा गिटारवाला, ज्याला मास्तर अजूनही लीडर म्हणायचे, तो टोकियोहून बोलत होता. सगळे पुन्हा एकदा जमणार, बँड जपानबाहेर पहिल्यांदा सिंगापुरात वाजला होता म्हणून इथेच, एकच कार्यक्रम. मास्तरांनी त्याला सरळ सांगितलं की डावा हात पूर्वीसारखा नाही, जुना सोलो होणार नाही, पण माझ्याकडे दुसरा आहे. लीडर म्हणाला, "काळजी करू नकोस. मी सगळी व्यवस्था करतो."

"कसली व्यवस्था?" मी विचारलं.

"विचारलं नाही."

"म्हणजे? अहो, विचारायचं नाही का?"

"तो करतो म्हणाला. त्यावर विचारलं तर अविश्वास होतो."

आमच्याकडे लग्नाच्या हॉलवाल्याला दहादा फोन करतात, खुर्च्या किती, पंखे किती, पाणी कुठून. इथे दोन म्हातारे आयुष्यभराच्या मैत्रीपायी एकमेकांना एक प्रश्न विचारायला तयार नाहीत. ह्याने "दुसरा सोलो वाजवीन" म्हटलं, ते त्याने ऐकून घेतलं. त्याने "व्यवस्था करतो" म्हटलं, ते ह्याने होकार समजून घेतलं. सगळा घात तिथेच झाला.

तालमी झाल्या, सोलो एकट्याचा म्हणून तो वगळून. मास्तर खूश होते. अशा बँडमध्ये कीबोर्डचे, तुताऱ्यांचे काही भाग आधी रेकॉर्ड केलेले असतात. ते सगळं जुळावं म्हणून ड्रमरच्या कानात हेडफोन असतो आणि त्यात सतत घड्याळासारखी टिकटिक चालू असते. त्यातच त्याला स्वतःचं वाजवणंही ऐकू येतं. बाहेर सभागृहात काय वाजतंय ते त्याला कळत नाही. "पण सोलोच्या वेळी मी हेडफोन काढणार," मास्तर मला म्हणाले. "तिथे घड्याळ नको." कार्यक्रमाच्या सकाळी रंगमंचावर सगळं तपासलं, तेव्हा वेळ कमी पडला म्हणून सोलो तेवढा राहून गेला.

रविवारची दुपार. मी, नवरा आणि चिरंजीव बाल्कनीत बसलो. नवरा शिपयार्डात मरीन इंजिनिअर, त्याला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण माझ्यासाठी आला होता. सभागृह गच्च भरलेलं. पन्नाशी-साठीचे पुरुष, त्या रेकॉर्डचं चित्र छापलेले टीशर्ट घालून. मास्तरांच्या भोवती काचेची उंच भिंत उभी केली होती. आवाज इतरांच्या माइकमध्ये जाऊ नये म्हणून, असं मला वाटलं.

पहिलाच तुकडा सुरू झाला आणि मी ताडकन सरळ बसले. काय वाजत होतं! डाव्या हाताचे बारीक बारीक ठोके, मोहरी तडतडावी तसे. मी नवऱ्याला कोपर मारलं, "ऐक! हात चालतोय! अरे, हात चालतोय त्यांचा!"

"अगं, मग रडतेस कशाला?"

मी रडत होते खरी. देवाला हात जोडले, बोलायला लाज कसली. वाटलं, चमत्कार झाला. तीन-चार गाणी मी अशीच आनंदात काढली.

मग सगळे थांबले. दिवे मास्तरांवर आले. त्यांनी हेडफोन गळ्यात उतरवायला हात वर नेला, आणि मी पुढे झुकून पायाच्या त्या हळू ठेक्याची वाट बघायला लागले. हात अजून हेडफोनवरच होते आणि स्पीकरमधून ड्रम कोसळायला लागले. कड्यावरून दगड. तोच सोलो. रेकॉर्डवरचा.

हात हेडफोनवर आणि ड्रम वाजतायत. आधी मला कळेचना. मग लक्षात आलं. इतका वेळ मी ऐकत होते ते मास्तर नव्हतेच. तो रेकॉर्डमधला मुलगा होता. मास्तरांचे माइक बंद करून, त्यांचा आवाज काचेत कोंडून त्या मुलाला सोडलं होतं.

मास्तरांना ते त्याच क्षणी कळलं. मी वरून त्यांचा चेहरा बघत होते. हेडफोन खाली आला आणि ते नुसते बसून राहिले, मांडीवर काठ्या ठेवून. सोलो चालू. लोकांना वाटलं, काहीतरी नाटकी युक्ती आहे. कोणीतरी शिट्टी मारली. मी मनात ओरडत होते, उठा! उठा आणि चालू लागा, मास्तर! सगळ्यांना कळू दे!

त्यांनी लीडरकडे पाहिलं. लीडर डोळे मिटून मान डोलवत होता. मग मास्तरांनी काठ्या उचलल्या आणि त्या मुलाबरोबर वाजवायला लागले. एक ठोका इकडे नाही, तिकडे नाही. डाव्या हाताची बोटं आत वळलेली मला वरून दिसत होती, काठी नुसती ड्रमला टेकत होती, पण टेकत होती बरोबर जागेवर. जो सोलो मागितला म्हणून त्यांनी आयुष्यभर माणसं हाकलली, तो त्यांनी शेवटपर्यंत खोटा वाजवला, आपल्या मित्राची अब्रू जाऊ नये म्हणून. शेवटचा ठोका धाडकन पडला. हजार माणसं उभी राहिली. चिरंजीव माझ्या शेजारी उभा राहून ओरडत होता, "सो शिओक, आई!" म्हणजे काय झकास. मी बसूनच राहिले.

आत भेटायला गेले, तेव्हा लीडरचे डोळे भरलेले होते. मला इंग्रजीत म्हणाला, "आम्हाला त्याला लाज वाटू द्यायची नव्हती." तो मनापासून बोलत होता, तेच वाईट. दुष्ट असता तर मी त्याची तिथल्या तिथे हजामत केली असती. आणि मास्तर त्याच्यासमोर कमरेत वाकून उभे होते, आभार मानत. मी मराठीत मोठ्यांदा म्हटलं, "अरे, मेल्यांनो, एकदा तरी एकमेकांशी बोलला असतात!" कोणाला काही कळलं नाही.

मी त्यांना बुओना व्हिस्टाच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, घेऊन गेले. त्यांनी माशाचं सूप घेतलं आणि ते निवत राहिलं.

"चांगला वाजवतो तो," मास्तर म्हणाले.

"कोण?"

"तो मुलगा. इतकी वर्षं मी त्याला मारायला बघतोय. आज त्याची हमाली केली."

मी म्हटलं, आपण दुसरा कार्यक्रम करू. लहान. मी हॉल बघते, मी माणसं आणते, चिवडा कोणाला देत नाही. ते हसलेसुद्धा नाहीत. "लोकांनी आज ऐकलं," म्हणाले. "खूप आवडलं त्यांना."

त्या कार्यक्रमाचं चित्रण इंटरनेटवर पसरलं. ह्या वयात असा हात! लोक कौतुक करून थकेनात. जुरोंग ईस्टच्या त्या मजल्यावर रांग लागली. सगळ्यांना एकच शिकायचं होतं. आणि मास्तर ते शिकवायला लागले. मला आधी खरं वाटेना. एका शनिवारी मी दाराशी उभी राहून पाहिलं. एका पोराच्या फोनवर ते चित्रण लावलेलं, मास्तर थांबवून थांबवून दाखवतायत, "इथे डावा हात असा," आणि स्वतःचा डावा हात खिशात. पुलावर चालवणं बंद झालं होतं. कोणी चुकलं तरी रागवत नव्हते. गोड बोलत होते हो! मला ते बघवेना.

तो पोरगा गेल्यावर मी हट्टाने म्हटलं, "मास्तर, तुमचा वाजवा. आपला शनिवारचा."

"कुठला?"

मला वाटलं, चिडवतायत. काही न बोलता मीच ड्रमवर बसले. मला तो अर्धाच येतो, तोही धड नाही. ज्याचं कुठे रेकॉर्डिंग नाही त्याचं एवढंच काय ते जगात शिल्लक आहे. पायाने तो हळू ठेका धरला, झांजेच्या कडेवर उजवा हात, घाबरत घाबरत, जेवढं आठवलं तेवढं वाजवलं आणि जिथे आठवेना तिथे थांबले. मास्तर लक्ष देऊन ऐकत होते. अगदी मन लावून.

"छान आहे," ते म्हणाले. "कोणाचं आहे हे?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं, की त्यांनी ते टाकून दिलं होतं, मला कळलं नाही. आजही कळत नाही. मी म्हटलं, "तुमचंच आहे, मास्तर."

त्यांनी मान हलवली आणि नॅपकिनची घडी सारखी केली.

"नाही नाही," ते म्हणाले. "माझं तर सगळ्यांना पाठ आहे."